मार्थाबाईंचा शास्त्रपाठ

मार्थाबाईंसमोर अर्धं वचन म्हणायची सोय नव्हती. आपण सांत्वनाच्या भरात शास्त्रातलं एखादं गोड वाक्य बोलून जावं, आणि बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारावं, "बरं. अन् त्याच्या पुढं काय लिहिलंय?" पुढचं कुणाला ठाऊक असतं? मी तोंडाची फटकळ. सगळी हयात सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, डॉक्टरांनासुद्धा उलट बोलले. पण बाईंच्या त्या प्रश्नापुढं माझीही बोबडी वळायची.

आखाडा बाळापूरची आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मूठभर घरं. बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याचं प्रार्थनामंदिर, पुरुषांना बाकं, बायकांना सतरंज्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, पदरी एकच लेक, रूथ. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला त्या दिवसाचा भाग, वाचायचं काम बाईंकडं होतं. पाळकसाहेब बदलून यायचे आणि बदलून जायचे, वाचणाऱ्या बाई मात्र त्याच. आवाज काही गोड नव्हता, जरासा घोगराच. पण त्या वाचायला लागल्या की सतरंजीवरची लेकरंसुद्धा चुळबुळ थांबवायची, कारण बाई वाचताना मधेच थांबून पोराकडं बघायच्या आणि तेवढं पुरायचं.

घरी शास्त्र उघडायच्या आधी त्या हात धुवायच्या. साबण लावून, कोपरापर्यंत. एका नव्या पाळकसाहेबांना ते खटकलं. म्हणाले, "बाई, हे मूर्तिपूजेसारखं होतं. पुस्तक पवित्र आहे ते त्यातल्या संदेशामुळं, कागदामुळं नाही."

बाई टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "पूजा कुठं करून राहिले, साहेब? जेवायच्या आधी हात धुते, तसे धुतले."

साहेब हसले आणि त्यांनीही हात पुढं केले. बाईंनी त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. तो विषय तिथंच मिटला.

गाळणं हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. वंशावळीचा पाठ आला की दुसरा कुणी असता तर चार नावं वाचून 'वगैरे वगैरे' केलं असतं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, जीभ अडखळवणारी नुसती नावं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई एकेक नाव नीट उच्चारायच्या, शाळेत हजेरी घ्यावी तसं. मी एकदा वैतागून म्हणाले, "बाई, या मेलेल्या माणसांचं आपल्याला काय करायचंय?" तर म्हणाल्या, "देवानं नावं गाळली न्हाईत, मी कोण गाळणारी? उद्या तुझं नाव कुणी गाळलं तर चालंल का तुला?" कप्पाळ!

नावडतं वाचायच्या वेळी तर त्या जास्तच कडक व्हायच्या. बायकांनी मंडळीत गप्प बसावं, अशा अर्थाचा एक भाग आहे. तो क्रमानं समोर आला त्या रविवारी बाईंनी पुस्तक उघडलं, पुरुषांच्या बाकांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजचा पाठ बायकांनी गप्प बसण्याबद्दल हाय. कुणी पुरुष उठून वाचता, का मीच वाचू?" बाकावरची माणसं एकमेकांकडं बघत राहिली, उठलं कुणीच नाही. बाईंनी तो भाग सगळाच्या सगळा वाचला, पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "मला हे अजून उमगलं न्हाई. उमगलं न्हाई म्हणून लिहिलंच न्हाई, असं म्हणता येत न्हाई." आणि खाली बसल्या. पुढच्या रविवारी पाठ वाचायला पुन्हा त्याच उभ्या. त्यांचं शास्त्राशी नातं हे असं होतं. भांडायच्या, रुसायच्या, पण त्यातलं एक अक्षर खोडायच्या नाहीत.

त्यांचं खरं वाकडं होतं ते वचनांच्या चिठ्ठ्यांशी. आमच्यात नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की एक ताट फिरतं. त्यात शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. ज्याला जी निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. लोक ती चिठ्ठी जपून ठेवतात, कुणी देवघराच्या जागी लावलेल्या क्रुसाखाली चिकटवतात, कुणी मोबाईलच्या कव्हरात घालतात. बाईसुद्धा चिठ्ठी घ्यायच्या, पण घरी जाऊन तो पूर्ण अध्याय काढून बसायच्या, आणि दुसऱ्यांनाही बसवायच्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एकाला विजयाचं वचन निघालं होतं. गडी हवेत. बाईंनी त्याला बोलावून पुढचा अध्याय वाचायला लावला. त्यात त्याच लोकांनी बेसावधपणात सपाटून मार खाल्लेला. "हे तुझ्यासाठी लिहिलंय," बाई म्हणाल्या, "तुझ्याबद्दल न्हाई लिहिलेलं. रोज पळायला जा." तो भरती झाला. आजही सुटीवर आला की सांगतो, पळवलं मला बाईंनी.

आता रूथची गोष्ट. गुणी पोरगी होती. कनेरगाव नाक्याला दिली होती. जावई शमुवेल, हायवेच्या कडेला धाब्यांच्या रांगेत त्याचं पंक्चरचं दुकान. कष्टाळू, निर्व्यसनी, बायकोवर जीव टाकणारा. रूथला क्षय निघाला तेव्हा तोच तिला मोटारसायकलवर बसवून तपासणीला न्यायचा. गोळ्या सुरू झाल्या. थोड्या महिन्यांत पोरगी सुधारली, अंगावर जरा मांस चढलं. नव्या वर्षाला दोघं बाळापूरला आले आणि ताटातून रूथला चिठ्ठी निघाली: देव म्हणतो, तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझी आसवं पाहिली, मी तुला बरं करतो. अशा अर्थाचं. ती पोरगी तिथंच रडली. शमुवेलनं गुडघे टेकले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

परत गेल्यावर शमुवेलनं गोळ्या बंद केल्या. देवानं स्वतः शब्द दिलाय, आता गोळी गिळणं म्हणजे त्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं त्याचं म्हणणं. दुष्टाव्यानं नाही केलं त्यानं. बायको वाचावी म्हणूनच केलं. हेच तर वाईट.

आम्हाला कळलं ते पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला. पोरगी दारातून आत आली तीच खोकत. गाल बसलेले. मी तेव्हा बाईंच्या घरीच होते. विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना गं?" तिनं मान खाली घातली. मग माझा जो पट्टा सुटला! शमुवेलला म्हणाले, "अरे, मधेच औषध सोडलं की रोग मुरतो, मग तीच औषधं चालत नाहीत, हे कितीदा सांगितलं तुला?" तो उंबऱ्यावर उभा राहिला, आत आलाच नाही.

रूथ आईकडं वळली. "आई, लहानपणापासून तूच सांगितलं ना, हे पुस्तक खोटं बोलत न्हाई म्हणून? मग आता काहून घाबरून राहिली?"

बाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वाटलं, आता या बाई म्हणतील, मरो ते पुस्तक, गोळी घे. आईच ती. पण बाई उठल्या, मोरीत गेल्या, हात धुतले, शास्त्र आणलं आणि रूथच्या मांडीवर ठेवलं.

"चिठ्ठीच्या खाली अध्याय दिलाय. काढ. पहिल्यापास्नं वाच. मोठ्यानं."

रूथ वाचू लागली. एक राजा आजारी पडतो, भिंतीकडं तोंड करून रडतो. संदेष्टा त्याला देवाचा निरोप देतो, तेच चिठ्ठीतलं वाक्य. रूथचा आवाज तिथं जरा वर गेला. बाई म्हणाल्या, "थांबू नको. पुढं." पुढं संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप आणा. ते लेप आणतात, राजाच्या गळवावर लावतात, आणि मग राजा बरा होतो.

रूथ थांबली.

"देवानं शब्द दिला होता," बाई म्हणाल्या, "तरी लेप लावला. लेप लावला म्हणून देवाचा शब्द खोटा पडला का?"

दारातून शमुवेल म्हणाला, "आई, ते जुन्या करारातलं हाय."

"चिठ्ठी बी जुन्या करारातलीच हाय, बापू."

रूथनं त्याच दिवशी गोळी घेतली. मी मनात म्हटलं, जिंकलात बाई! पण मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा बाई भलतंच बोलल्या. "सिस्टर, आज मी शास्त्र वाचलं, का लेकीसाठी वापरलं?"

"काय फरक पडतो? पोरगी गोळी घेतेय ना?"

"लई फरक पडतो. वचन माझ्या बाजूनं निघालं. उलटं निघालं असतं तर मी काय केलं असतं, ते मलाच ठाऊक न्हाई."

मला तेव्हा त्यांचा राग आला. म्हटलं, घर जळतंय आणि या आपल्या पाण्याची जात विचारून राहिल्यात.

औषध पुन्हा सुरू झालं, पण रोग मुरला होता. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, औषधं बदलली. बाई तिच्या उशाशी, शमुवेल बाहेरच्या व्हरांड्यात. पोळ्याच्या आसपास रूथ गेली.

तिला बाळापूरलाच आणलं. आमच्यात पेटी कबरेत उतरवली की जवळचं एकेक माणूस मूठभर माती टाकतं. आधी आईनं टाकली. मग शमुवेल पुढं झाला. खाली वाकला, मूठ भरली, आणि बाईंनी त्याचं मनगट धरलं. घट्ट. "तू आधीच टाकलीस तिच्यावर माती," त्या म्हणाल्या. सगळ्या मंडळीसमोर, न ओरडता. त्याच्या मुठीतली माती त्याच्याच चपलांवर पडली. तो तसाच मागं सरला आणि गर्दीतून निघून गेला. नवऱ्यानं बायकोला माती दिली नाही. खरं सांगते, तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं.

त्यानंतर बाई रविवारी यायच्या, पाठ वाचायच्या, सगळं तसंच. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी उठायच्या नाहीत. भाकर आणि प्याला घ्यायला मंडळी एकेक करून मेजाकडं जायची, बाई भिंतीला पाठ लावून बसून राहायच्या. महिन्यामागून महिने. लोक कुजबुजायला लागले, देवावर रुसल्या म्हणून. मी एकदा स्पष्टच विचारलं.

"देवावर न्हाई रुसले," त्या म्हणाल्या. "पर अर्पण घेऊन वेदीपाशी आलास अन् मनात आलं की तुझ्या भावाचं तुझं बिनसलंय, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये, असं हाय ना? शमुवेलचं नाव काढलं तरी माझ्या अंगाची आग होते. माझ्याच्यानं समेट होत न्हाई. मग कोणत्या तोंडानं मेजापाशी जाऊ?"

"देव समजून घेईल हो, बाई."

"घेईल. पर लिहिलेलं तसंच राहील."

पाळकसाहेब तेव्हा नुकतेच आलेले, तरुण, मायाळू माणूस. बाईंची ही उपासमार त्यांना बघवेना. कापणीच्या सणाच्या आदल्या आठवड्यात ते बाईंच्या घरी आले. मी तिथंच तूर निवडत बसले होते. त्यांनी ते वचन उघडलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांना नीट वाचायला शिकवता. मग हे नीट बघा. इथं म्हटलंय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध आहे. तुम्ही त्याचं काही बिघडवलेलं नाही. हे वचन तुम्हाला अडवत नाही. या तुम्ही मेजाकडे."

मला हायसं वाटलं. सुटल्या बाई, म्हटलं. बाईंनी चष्मा लावला, वचन वाचलं, पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं. पाळकसाहेबांना चहासुद्धा विचारला नाही, जे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

कापणीच्या सणाला आमचं प्रार्थनामंदिर बाजारासारखं दिसतं. ज्याच्याकडं जे पिकलं ते त्यानं आणायचं: ज्वारीची कणसं, हळदीचे गड्डे, भोपळे, एखादी कोंबडी. सगळं मेजापुढं मांडायचं, प्रार्थना करायची, मग प्रभुभोजन, आणि जेवणानंतर त्या मालाची हर्राशी, म्हणजे लिलाव. बाईंनी परसातली वांगी टोपल्यात भरून आणली होती. रांगेत आल्या, टोपलं मेजापुढं ठेवलं. आणि आपल्या जागी परत यायच्याऐवजी सरळ दाराकडं चालायला लागल्या.

चक्कर आली की काय म्हणून मी मागं धावले. बाई पायरीवर बसून चपला घालत होत्या.

"बाई, कुठं?"

"कनेरगावला."

"आता? अहो, उपासना तरी होऊ द्या!"

"आधी जा म्हणलंय, सिस्टर. उपासना झाल्यावर जा असं न्हाई." त्या उठल्या. माझा हात धरला. "पाळकसाहेब बराबर बोलले. मी वर्षभर ते उलटंच वाचत होते. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय हाय, तेच घोकत बसले. तिथं विचारलंय, त्याच्या मनात तुझ्याबद्दल काय हाय. मी त्याला बायकोला माती देऊ दिली न्हाई. हे त्याच्या मनात असंलच ना?"

मी भडकले. "लेक तुमची गेली, त्याच्या मूर्खपणानं गेली, अन् माफी मागायला तुमी चालल्या?"

"व्हय."

"हे कुठलं शास्त्र?"

"वचन या बारीला माझ्या बाजूनं न्हाई निघालं," बाई म्हणाल्या. रडत होत्या. रूथ गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. पदरानं तोंड पुसलं आणि हमरस्त्याकडं निघाल्या. हिंगोलीच्या जीपमध्ये बसताना दिसल्या.

आत येऊन मी पाळकसाहेबांच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्यानं बाईंना मोकळं करायला वचन दाखवलं होतं, त्यातून हे निघालं. प्रभुभोजन झालं, पंगती उठल्या, हर्राशी झाली. बाईंच्या टोपल्याला मात्र साहेबांनी कुणाला हात लावू दिला नाही. मेजावर भाकर आणि प्याला पांढऱ्या कापडाखाली तसाच झाकून ठेवला. लोक पांगले. मी आणि साहेब थांबलो.

उन्हं कलली तेव्हा बाहेर मोटारसायकल वाजली. बाई एकट्याच आत आल्या. केस विस्कटलेले, साडी धुळीनं माखलेली.

मी विचारलं, "भेटला?"

"पंक्चर काढून राहिला होता. मला बघून उभा राहिला. मी म्हणलं, तुझा हात धरला ते माझं चुकलं." त्या दम घ्यायला थांबल्या. "त्यानं स्टूल दिलं. पाणी दिलं. मी प्याले. मग दोघंबी लई वेळ बसलो."

"अन् गोळ्यांचं? त्याबद्दल काय म्हणाला?"

"ते मी विचारायला गेले नव्हते."

पाळकसाहेबांनी मेजावरचं कापड बाजूला केलं. "या, बाई," ते म्हणाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "एकटीचं नका काढू, साहेब. तो फाटकापाशी उभा हाय. आत यायची हिंमत होईना त्याची."

साहेबांनी क्षणभर मेजाकडं बघितलं. मग ताट उचललं, प्याला घेतला आणि बाईंच्या मागोमाग बाहेर निघाले.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं नांदेडला गेले, आणि मी तिथं असतानाच बाई गेल्या. एका सकाळी उठल्याच नाहीत. मातीला मला येता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी बाई त्या संध्याकाळच्याच आहेत, दारातून मी पाहिलेल्या. फाटकापाशी शमुवेल मान खाली घालून उभा होता. टायरच्या काळ्यानं हात बरबटलेले. साहेबांनी ताट पुढं केलं तसं त्यानं हात पाठीमागं लपवले, पँटीला पुसले, पुन्हा लपवले. बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि हात पुढं ओढला. साहेबांनी त्याच्या तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तो खाऊन होईपर्यंत बाईंनी मनगट सोडलं नाही.